उजवीकडची लिफ्ट

या घराचा एक नियम आहे, आणि तो गेलेल्या माणसाने केलेला असल्यामुळे मोडायचीही सोय नाही. आभाराच्या जेवणाला ताटं वाढून झाली की आधी प्रत्येकाने देवाचा एकेक आभार मानायचा. वयाने लहान त्याने आधी. एकाने मानलेलं दुसऱ्याने मानायचं नाही. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. मिस्त्रींनी, म्हणजे या घराच्या कर्त्याने, हा नियम केला तेव्हा त्यात भक्ती किती होती आणि पोरांना वाढल्या ताटावर ताटकळत ठेवायची हौस किती होती, हे आता देवालाच ठाऊक. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. क्रमाने आणि तपासून, याखेरीज त्यांना शिंकताही येत नसे.

तर त्या रविवारी, चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर, ताटं वाढून झाली होती. कोंबडी होती, बटाटे होते, आणि टेबलाच्या टोकाला, पाठीशी दोन उशा घेऊन, आई होती. आभाराचं जेवण होतं ते खरं तिच्यासाठीच. एकतीस दिवस हॉस्पिटलात काढून, हृदयाची झडप बदलून आई काल दुपारी घरी आली होती. आत्याने सुरुवातीची प्रार्थना केली. आत्या चर्चच्या मंडळीत सेविका आहे आणि तिची प्रार्थना आदामापासून निघते, त्यामुळे ती आमेनपर्यंत पोचली तेव्हा बटाट्यांची वाफ गेली होती.

"चल रे," आत्या आईच्या धाकट्याला म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंचे हात!" धाकटा झटक्यात म्हणाला. "साडेसहा तास न थरथरलेले."

"अरे, तो माझा होता," सूनबाई म्हणाली.

"लवकर जन्माला आल्याची शिक्षा भोगा, वहिनी."

सूनबाई म्हणजे थोरल्याची बायको. एकतीस दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसली ती हीच. तिने जरा विचार केला. "सातव्या दिवशी आईंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, गॅस बंद केलास का? त्या प्रश्नाबद्दल."

सगळे हसले. आई पण हसली, टाक्यांवर हात ठेवून. मग सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

थोरला ताटाकडे बघत होता. त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, तिथे घडी घातलेला एक कागद होता, आणि परत मांडीवर आला.

"माझं राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे म्हणजे?" आत्या म्हणाली. "आई परत आलीय रे तुझी! दगडालाही सुचेल काहीतरी."

"सुचतंय, आत्या. म्हणता येत नाहीये."

टेबलावर असं काही कधी झालं नव्हतं. धाकट्याने एक विनोद तोंडात घोळवला आणि गिळला. शेवटी आईच म्हणाली, "माझ्या गोळीची वेळ झाली. जेवा सगळे. नियम करणारा वर बसलाय, त्याला मी भेटल्यावर समजावेन."

जेवले. म्हणजे धाकटा जेवला. बाकीच्यांनी ताटं हलवली.

सूनबाईला नवऱ्याचं सगळं कळतं असं तिला वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तो स्वयंपाकघरात नळाखाली हात धूत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तिने नळ बंद केला.

"बोला."

त्याने खिशातून कागद काढून ओट्यावर ठेवला. तिला असे कागद वाचता येत होते. लिफ्ट तपासनिसाशी सोळा वर्षं संसार केल्यावर भिंतींनाही येतात. नव्या इमारतीतल्या दोन लिफ्ट, डावी आणि उजवी. दोन्हींची वजनासह चाचणी झाली, दोन्ही वापरायला योग्य. खाली थोरल्याची सही. हॉस्पिटल तेच, आई होती ते.

"मग?"

"डावीची गुरुवारी झाली. उजवीची नाही."

शुक्रवारी वजनांचा ट्रक आलाच नव्हता. लिफ्टमध्ये तिच्या क्षमतेहून जास्त वजन भरायचं, ती खाली सोडायची, आणि दोर तुटल्यासारखं भासवून बघायचं की डब्याखालचे जबडे रुळांना पकडून डबा अधांतरी थांबवतात की नाही. ही चाचणी. वजनाशिवाय ती होत नाही. शनिवारी करू म्हणून त्याने ठेवली. आणि शनिवारी आईला सोडलं.

"डॉक्टर सुट्टीच्या कागदावर सही करत होत्या," थोरला म्हणाला. "मला म्हणाल्या, घेऊन जा आईंना, छान झालंय सगळं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, आमच्या लिफ्ट झाल्या ना हो? सोमवारी आठला पेशंट हलवतेय. मी म्हटलं, झाल्या."

"म्हणून टाकलंत."

"तोंडातून निघून गेलं. त्या बाईला त्या क्षणी नाही कसं म्हणू? मग संध्याकाळी घरी बसून हा कागद भरला. बोललेलं खरं करायला. चार वाजता त्यांचा व्यवस्थापक न्यायला येणार आहे."

घड्याळात अडीच वाजत होते. सूनबाई ओट्याला टेकली. चार वर्षांपूर्वीचं तिला आठवलं, आणि या घरात ते कोण विसरेल! तेव्हा एका रविवारी थोरला भर मंडळीपुढे उभा राहिला होता आणि म्हणाला होता, की तीन वर्षं मी निम्म्या सह्या घरात खुर्चीवर बसून केल्या. कुणाला इजा झाली नव्हती, कुणी विचारलं नव्हतं. नुसता आळस, आणि हळूहळू पडलेली सवय. त्यानंतर त्या सदतीस लिफ्ट त्याने एकेक करून पुन्हा तपासल्या. आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत तो माणूस परत माणसात आला होता. आणि आता हा कागद.

पण तिच्या मनात पहिलं काय आलं? खरं सांगायचं तर हेच, की डॉक्टरांना आपण कसं अडवणार? एकतीस दिवसांत ती बाई तिच्याशी चाळीस वेळा बोलली होती, आणि एकदाही उभ्या उभ्या नाही. दर वेळी बाकावर शेजारी बसून.

"देऊन टाका," सूनबाई म्हणाली. म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काय देऊन टाका?" रिकामी ताटं घेऊन धाकटा दारात उभा होता. त्याच्यापासून या घरात काही लपत नाही, कारण तो नेमका उष्टी ताटं घेऊन उगवतो. दोन मिनिटांत त्याने सगळं काढून घेतलं आणि ताटं धाडकन ठेवली.

"दादा, तूपण ना! लिफ्ट करकरीत नवी. कारखान्यातून तपासून आलेली. उद्या उघडू दे त्यांना. मंगळवारी वजनं आली की आपण दोघं गुपचूप जाऊन चाचणी करू. चाचणी होणारच आहे ना? मागेपुढे होईल ती फक्त तारीख."

"सोमवारी पेशंट जाणार आणि मंगळवारी चाचणी."

"एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही. डबा."

"तुझं हे असं! राईचा पर्वत करायचा आणि मग त्यावर चढून रडायचं."

आत्या आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधीच कुणी बोलवावं लागलेलं नाही. धाकट्याने तिला चार वाक्यांत सांगितलं, आणि तिने पदराच्या टोकाने चष्मा पुसला. याचा अर्थ आता शास्त्र येणार.

"बाळा," ती थोरल्याला म्हणाली, "नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी? प्रभूने काय शिकवलं? दया मोठी. त्या बाईने दया केली, तू तिला अडचणीत टाकणार? उपकाराची फेड अपकाराने करावी असं शास्त्रात दाखव मला कुठे आहे ते."

"आत्या, शास्त्र त्यालाही पाठ होतं," थोरला हळूच म्हणाला. "देवळाच्या टोकावर उभं राहून त्याने प्रभूला शास्त्रच म्हणून दाखवलं होतं."

"म्हणजे मी सैतान?"

"तसं नाही ग..."

"नाही, स्पष्ट बोल. पंचेचाळीस वर्षं मंडळीची फरशी पुसली मी, आणि आता भाच्याकडून पदवी मिळतेय."

धाकट्याला हसू आवरेना. "आत्या, शिंगांसाठी टोपी मोठी घ्यावी लागेल." तिने त्याला फडकं फेकून मारलं.

थोरला हसला नाही. त्याची अडचण अशी होती की यांतलं एकही म्हणणं वाईट नव्हतं. पाळकसाहेब नेहमी सांगतात, मोह शिंगं लावून येत नाही. ते त्याला पटलं होतं. पण येईल तर पूर्वीच्याच वाटेने, आळसाच्या, असं धरून चार वर्षं तो त्या पुढच्या दारावर पहारा देत होता. रोज सकाळी गुडघ्यावर. एकही लिफ्ट न बघता सही नाही, हे जपत. आणि हा आला मागच्या दाराने, हातात आईची औषधं घेऊन. प्रेमातून आला, उपकारातून आला. घरातली तिन्ही माणसं, ज्यांच्यासाठी तो जीव देईल, तीच त्याला दे म्हणत होती. याला तोंड कसं द्यायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. प्रभू, मला यातून काढ, एवढंच त्याला म्हणता आलं, तेही मनात.

"ऑपरेशन हृदयाचं झालंय," बाहेरून आईचा आवाज आला. "कान जागेवर आहेत. सगळे इकडे या."

चौघे बाहेर जाऊन उभे राहिले, काच फोडलेल्या पोरांसारखे. आईने सगळं ऐकलं होतं. तिने कागद मागितला, हातात धरला, वाचला नाही.

"दे," ती म्हणाली.

कुणालाच आधी कळलं नाही.

"मी म्हणते, दे त्यांना. ती बाई मला परत घेऊन आलीय. तिचं काम अडायला नको माझ्या घरातून."

"झालं!" धाकटा टाळी वाजवून म्हणाला. "वरच्या कोर्टाचा निकाल लागला. दादा, तोंड धू, चार वाजता हसरा दिस."

थोरला मटकन खुर्चीत बसला. आईकडून त्याने दुसऱ्या उत्तराची आशा धरली होती. आता टेबलाभोवती एकही माणूस त्याच्या बाजूला नव्हता, आणि सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं.

आई मात्र स्वतःचेच शब्द ऐकून घुटमळली होती. वर्षानुवर्षं तिने मुलांना सांगितलं होतं, सही म्हणजे शपथ. आता झडप नवी आली आणि जीभ बदलली की काय? पण तिच्या मनात काल दुपारपासून एक वेगळीच भीती बसली होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती, आणि त्या भीतीपोटी तिला सगळं गोड हवं होतं, लवकर हवं होतं.

तेवढ्यात सूनबाईने विचारलं, "त्या उजवीकडच्या लिफ्टमधून काय नेतात हो?"

"पलंग," थोरला म्हणाला. "पेशंटसकट. डावी माणसांची आहे, उजवी पलंगांची."

सूनबाईने आईकडे पाहिलं.

"जुन्या इमारतीत आईंना तिसऱ्यावरून खाली नेलं, ऑपरेशनला. पलंगावरून. लिफ्टमध्ये मी होते. एक हात आईंच्या कपाळावर, एका हातात सलाईनची बाटली. मी सगळ्याची भीती बाळगली त्या दिवशी. भुलीची, रक्ताची, डॉक्टर रात्री झोपल्या असतील ना याचीसुद्धा. लिफ्टची नाही बाळगली. एका क्षणापुरतीही नाही." तिने नवऱ्याला विचारलं. "कुणीतरी ती तपासलेली होती म्हणून ना?"

"हो."

"तुम्ही?"

"नाही. जुन्या इमारतीच्या माझ्याकडे नाहीत. कोण बघतं मला माहीत नाही."

"मग त्या माणसालाही कधीतरी घरी जायची घाई झाली असेल. त्याचीही आई असेल. तरी त्याने तपासली." तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं, या वेळी सरळ. "मघाशी मी देऊन टाका म्हणाले. चुकलं माझं. नका देऊ."

"वहिनी, तुम्ही आमच्या पार्टीत होता!" धाकटा कळवळून म्हणाला.

"पक्ष बदलला."

आईने कागद थोरल्याच्या हातात परत ठेवला. "माझाही शब्द मी मागे घेते. प्रेमाने म्हणाले होते, पण शिष्य पेत्रानेही प्रभूला क्रुसाच्या वाटेवरून प्रेमानेच मागे ओढलं होतं. 'सैताना, माझ्यामागे हो' असं ऐकून घेतलं त्याने, ते आठव." मग ती म्हणाली, "फाड. आणि फोन कर डॉक्टरांना. इथेच, माझ्यासमोर. आतल्या खोलीत गेलास तर मध्येच काहीतरी गोड करशील."

त्याने कागद फाडला. चार तुकडे केले. फोन हातात घेतला तेव्हा आत्या पुढे आली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी प्रार्थना केली.

"प्रभू, याच्या तोंडात खरं घाल. आणि माझ्या तोंडाला आवर. आमेन."

फोन लागला.

"डॉक्टर, मी लिफ्टवाला. काल मी तुम्हाला दोन्ही लिफ्ट झाल्या म्हणालो. खोटं बोललो. उजवीची चाचणी झालेली नाही."

पलीकडून आलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"उद्या बावीस पेशंट हलवायचेत मला. सात जण पलंगावरचे. हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"हो."

"काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आईला घरी जायला सांगितलंत त्याच मिनिटाला विचारलंत. मला तोंड वर करून नाही म्हणता आलं नाही."

"ही सबब आहे का?"

"नाही. झालं ते सांगतोय."

"किती वेळ लागेल?"

"वजनं मिळाली तर चार तास. पण आज रविवार, वजनांचं गोदाम बंद..."

"मिळवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तरी, हे सूनबाईने नंतर सांगितलं, त्याचे खांदे खाली आले होते. काल दुपारपासून ते कानांपाशी होते.

"दोन हजार किलो," तो म्हणाला. "रविवारी कुठून आणू?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू धाकट्याकडे वळल्या. धाकट्याचा धंदा जुन्या लिफ्ट मोडून त्यांचे सुटे भाग विकायचा. त्याने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"हे बघा, माझं अजूनही म्हणणं आहे की हा वेडेपणा आहे," तो म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली.

"पंचवीस-पंचवीस किलोच्या बिडाच्या लाद्या आहेत माझ्याकडे. मोडलेल्या लिफ्टच्या. मोजून शंभरेक असतील. पण त्या मागच्या कोपऱ्यात, दोन मोटारींच्या मागे, आणि माझी कंबर..."

"तुझी कंबर आयुष्यभर दुसरे काम करत असतानाच दुखलीय," आत्या म्हणाली. "ऊठ!"

"आत्या, रविवार आहे. विसाव्याचा दिवस. शास्त्र काय म्हणतं?"

"विहिरीत पडलेला बैल विसाव्याच्या दिवशीही काढतात, असं म्हणतं. टेम्पो काढ."

आत्या आईजवळ थांबली. बाकी तिघे रविवारच्या कपड्यांवरच निघाले. ऐंशी लाद्या टेम्पोत चढवल्या, उतरवल्या, ढकलगाडीवर घालून नव्या इमारतीच्या चकचकीत फरशीवरून उजवीकडच्या लिफ्टपर्यंत नेल्या. त्या उतरवत असतानाच, चारच्या सुमाराला, तिथे व्यवस्थापक भेटला. तो कागद न्यायला थोरल्याच्या घरीच निघालेला, हातात फाईल.

"मला नुसता कागद हवा होता हो," तो केविलवाणा होऊन म्हणाला.

"लाद्या उचला," धाकटा म्हणाला, "म्हणजे लवकर मिळेल." आणि काय आश्चर्य, त्या गृहस्थाने कोट काढून खुंटीला लावला आणि उचलल्या. अकरा उचलल्या; पुढे तो वर्षभर त्या मोजून सांगत होता.

सूनबाई आकडे लिहीत होती. ऐंशी झाल्या तेव्हा तिने दार लावायची खूण केली. थोरला गच्चीवरच्या यंत्रखोलीत होता, धाकटा तळमजल्यावर. डबा भरल्या वजनाने खाली यायला लागला. थोरल्याने कळ ओढली.

इमारतभर एकच दणका घुमला. मग शांतता.

धाकट्याने दारातून टॉर्च आत घातला, पट्टी लावली, मोजलं. "तीन बोटं सरकून थांबली," तो फोनवर ओरडला. "दोन्ही बाजूचे जबडे सारखे बसलेत. डबा पाणसळीत. दादा, ऐकतोयस ना? पास! चोख पास!" आणि मग त्याला राहवलं नाही. "म्हणजे कालचा कागदही बरोबरच होता की रे. उगाच ओढवून घेतलंस."

थोरला यंत्रखोलीच्या पायरीवर बसला. धाकट्याचं शेवटचं वाक्य त्याच्या कानात राहिलं, आणि तेच वाक्य त्याला आतूनही ऐकू यायला लागलं, जरा जास्त शहाण्या आवाजात. कुणाला कळलंही नसतं. लिफ्ट ठीकच होती. उगाच त्या बाईच्या नजरेतून उतरलास. आवाज ओळखीचा होता. हरल्यावरही तो दाराशी रेंगाळतो, एवढं आज थोरल्याला नवीन कळलं. त्याने तेलकट हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "प्रभू, लिफ्ट ठीक आहे याबद्दल आभार. आणि ते मला खरं बोलून झाल्यावर कळलं, आधी नाही, याबद्दल जास्त." तिथे ऐकायला मोटार होती आणि एक कबूतर. तो पोट भरून रडला, मग नाक शिंकरून खाली उतरला.

पुन्हा जबडे सोडवून, सगळं जागेवर आणून, लाद्या उतरवून होईपर्यंत साडेसहा झाले. त्याने डबा रिकामा तीनदा वरखाली नेला, तिन्ही वेळा स्वतः आत उभा राहून. मिस्त्रींची शिकवण, आधी आपण. मग नवा कागद भरला. तेव्हाच डॉक्टरीणबाई आल्या. साध्या कपड्यांत, केस बांधलेले, चेहरा दमलेला. त्यांनी कागद उभ्यानेच वाचला, आणि पूर्ण वाचला.

"कालचं मी समितीला कळवणार आहे," त्या म्हणाल्या.

"कळवा."

"पुढच्या वर्षी हे काम तुमच्याकडे राहील असं मला वाटत नाही."

"हो. मलाही."

"मला राग आलाय, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, डॉक्टर. यायलाच हवा." थोरल्याने हात पँटला पुसले. "तुम्ही माझी आई मला दिलीत. आणि त्याबद्दल मी तुम्हाला खोटा कागद देत होतो. वर ते तुम्हाला कळूही देणार नव्हतो. माफ करा."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे, मग घामाघूम धाकट्याकडे, मग सूनबाईच्या काळ्या झालेल्या तळव्यांकडे पाहिलं. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. "आईंच्या गोळ्या वेळेवर द्या," एवढंच म्हणाल्या. मग उजवीकडच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं, चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, आणि दार लागलं.

घरी आले तेव्हा आत्या दिवाणावर घोरत होती आणि आई आपल्या खोलीत, दिवा लावून, जागी होती. थोरला तसाच, काळ्या हातांनी, तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"लिफ्ट?" आईने विचारलं.

"ठीक आहे. आधीपासूनच ठीक होती."

"आणि काम?"

"जाईल बहुतेक." त्याने आपले काळे तळवे उलटसुलट पाहिले. "वाईट वाटतंय, आई. छान लिफ्ट आहेत त्या. पण हलकंही वाटतंय. काल घास गिळत नव्हता, आता भूक लागलीय."

आईने त्याच्या हनुवटीला हात लावला आणि त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं. खूप वेळ ती बघत राहिली. मग तिने इतका मोठा उसासा सोडला की टाके दुखून कळवळली.

"काय झालं ग?"

"काल दुपारपासून तू माझ्या नजरेला नजर देत नव्हतास," आई म्हणाली. "गाडीत नाही, घरी नाही, आज जेवताना नाही. म्हटलं, डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन सांगितलंय. म्हातारी काही दिवसांची सोबती आहे, घरी न्या. म्हणून तर मघाशी म्हणाले, दे तो कागद. माझ्या शेवटच्या दिवसांत कुणाशी वाकडं नको म्हणून. रात्रभर तयारी केली रे मी मरायची. सगळं देवाच्या हवाली करून टाकलं."

थोरला खुर्चीतून पुढे सरकला. एक छोटंसं खोटं, एक शब्द, तोही डॉक्टरांशी बोललेला; आणि तो घरात येऊन कुठे बसला होता!

"आई, अगं, तू ठणठणीत आहेस! डॉक्टर म्हणाल्या, वीस वर्षं काळजी नाही. देवाशपथ!"

"शपथ नको घालूस. दिसतंय मला तुझ्या डोळ्यांत." आईने डोळे पुसले, उशीला टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "वीस वर्षं. प्रभूची कृपा. मग असं कर, आत्या उठायच्या आत तिच्या पिशवीतून माझी निळी शाल काढून आण. सकाळीच देऊन बसलेय."